उद्या माणूसच उरला नाही तर? मुंबई, कोकण आणि देशावर रान कसं परतेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोकांना रानात फिरायला नेलं की दुपारच्या डब्यानंतर हा विषय निघतोच. कुणीतरी पडक्या वाड्याकडे बघतं आणि विचारतं, "आपण सगळे गेलो तर हे असंच सगळीकडे होईल का हो?" गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. अट एकच. माणसं एका रात्रीत नाहीशी झाली आणि बाकी सगळं जागच्या जागी राहिलं, असं धरायचं. का गेली, कुठे गेली, हे विचारायचं नाही.

हे सगळं कल्पनेचे इमले नाहीत का? कुणी पाहिलंय?

तुकड्यातुकड्यांनी पाहिलंय. युक्रेनमधल्या चेर्नोबिलला २६ एप्रिल १९८६ रोजी अणुभट्टीचा स्फोट झाला आणि दुसऱ्याच दिवशी प्रिप्यात हे जवळजवळ पन्नास हजार वस्तीचं शहर रिकामं केलं गेलं. आज तिथल्या क्रीडांगणात झाडं उभी आहेत. कोरियाच्या दोन भागांमध्ये १९५३ पासून सुमारे २५० किलोमीटर लांब आणि चार किलोमीटर रुंद पट्टा माणसांवाचून पडून आहे. तिथे सुरुंग आहेत, काटेरी तारा आहेत, आणि हिवाळ्यात दुर्मिळ क्रौंच पक्षीही उतरतात.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. जुनं गोवं बघा. एकेकाळी पोर्तुगिजांची पूर्वेतली राजधानी, मग रोगराईने माणसं पांगली, आणि १८४३ मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजीला गेली. सेंट ऑगस्टीनचं चर्च १८३५ मध्ये ओस पडलं. १८४२ मध्ये, म्हणजे अवघ्या सात वर्षांत, त्याची मुख्य कमान कोसळली. १९३१ मध्ये दर्शनी भाग पडला. आज उरलाय तो जांभ्या दगडाचा ४६ मीटरचा अर्धा मनोरा. मेळघाटात बोरी, कोहा, कुंड ही गावं व्याघ्रप्रकल्पाबाहेर हलवली गेली, तेव्हा शेतांच्या जागी आधी गवत आलं आणि गवतामागून चितळ, सांबर, गवे.

साधं कौलारू घर किती दिवस तग धरेल?

याचं उत्तर मी घरचं देतो. रत्नागिरीजवळ आमचं जांभ्या दगडाचं घर आहे. काका गेल्यावर ते तीन पावसाळे बंद राहिलं. कोकणात दर मे महिन्यात शाकारणी करतात. कौलं काढून झाडायची, फुटकी बदलायची, सरकलेली नीट बसवायची. ही शाकारणी तीन वर्षं झाली नाही, एवढंच.

चौथ्या वर्षी दार उघडलं तेव्हा माजघरात कमरेएवढं वारूळ होतं. माकडांनी किंवा वाऱ्याने वरची दोन कौलं सरकवली असणार. तिथून पाणी वाशावर टपकत राहिलं, वासा भिजला, भिजल्या लाकडाला वाळवी लागली. वासा वाकला तशी आजूबाजूची कौलं सरकली आणि भोक हातभर झालं. त्यातून ऊन आणि पाऊस दोन्ही थेट जमिनीवर येत होते, म्हणून ओटीवरच्या शेणाच्या जमिनीत टाकळा उगवला होता. विहिरीच्या कड्यातून उंबराचं रोप बाहेर आलेलं, माझ्या मनगटाएवढं जाड. देवघरातल्या कोनाड्यात दयाळाने घरटं करून सोडून दिलं होतं.

दोन कौलांनी हे केलं. सुताराने बघितलं आणि म्हणाला, "अजून दोन पावसाळे गेले असते तर आढंच खाली आलं असतं." आढं म्हणजे छपराच्या माथ्यावरची मुख्य तुळई. आढं आलं की ज्या घरांच्या भिंती मातीच्या असतात, त्या एका पावसात विरघळतात. जांभ्याचा चौथरा मात्र शंभर वर्षं तसाच राहतो. कोकणात झाडीत असे चौथरे सापडतात आणि मधोमध तुळशीवृंदावन असतं.

शहरातल्या इमारतींबद्दल लोक मोठी मोठी गणितं विचारतात. पण गणित तिथेही हेच आहे. रान बाहेरून चाल करून येत नाही. ते कोनाड्यात, फटीत, पन्हाळीत आधीच बसलेलं असतं आणि दरवर्षीची डागडुजी त्याला मागे रेटत असते. डागडुजी थांबली की झालं.

सगळ्यात आधी काय बंद पडेल?

वीज. विजेची मागणी आणि पुरवठा क्षणाक्षणाला जुळवावा लागतो, नाहीतर ५० हर्ट्‌झची वारंवारता ढळते आणि वीज तयार करणारे संच स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतात. ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर आणि पूर्व भारताचं जाळं कोसळलं तेव्हा साठ कोटींवर लोक अंधारात गेले, आणि त्या वेळी नियंत्रण कक्षात माणसं बसलेली होती. औष्णिक केंद्रांना कोळसा भरणारं कुणी नसेल तर काही तासांत चंद्रपूरपासून नाशिकपर्यंतचे संच थंड पडतील. कोयनेची जनित्रं पाण्यावर चालतात, ती थोडी जास्त फिरतील, पण जाळंच नसेल तर ती वीज जाईल कुठे?

आठवड्याभरात मुंबईच्या आकाशात आकाशगंगा दिसू लागेल. बघायला कुणी नसेल, ही चुटपुट मला उगाच लागते.

मुंबई बुडेल का?

पूर्ण नाही. पण पहिल्याच पावसाळ्यात ती कुठे भरून काढलेली आहे हे उघडं पडेल. मुंबई ही सात बेटं. मधल्या खाड्या आणि दलदली दोन-अडीच शतकं बांध घालून, भर टाकून बुजवल्या. महालक्ष्मी आणि वरळीच्या मधलं खिंडार हॉर्नबी वेलार्ड या बांधाने १७८४ च्या सुमारास बंद केलं, तोवर भरतीचं पाणी थेट आत शिरत असे. आजही शहराची बरीच पावसाळी गटारं भरतीच्या पातळीखाली समुद्राला मिळतात. मोठी भरती आणि मोठा पाऊस एकत्र आला की पाणी बाहेर जाण्याऐवजी आत येतं, म्हणून हाजी अली, लव्ह ग्रोव्ह, इर्ला अशा ठिकाणी पंप बसवलेत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा काय झालं ते प्रत्येक मुंबईकराला आठवतं.

आता पंप बंद, नालेसफाई बंद. हिंदमाता, कुर्ला, मिलन सबवे हे पहिल्याच जूनमध्ये भरतील, आणि हिंदमाताचं डबकं ऑक्टोबरपर्यंत तसंच राहील. मिठी नदी भिंती ढकलून आपलं पात्र पसरेल. भुयारी मेट्रोचे बोगदे पाण्याने भरतील.

मग खारफुटी. तिवराला फक्त चिखल आणि भरतीचं पाणी लागतं. त्याची फळं पाण्यावर तरंगत येतात, गाळात अडकतात आणि काही दिवसांत मूळ धरतात. ठाण्याच्या खाडीपासून माहीमपर्यंत तिवरं आजही काठाला दबा धरून आहेत. जिथे गटारातून भरतीचं पाणी नियमित आत येईल तिथे ती येणार. वांद्रे-कुर्ला संकुल मुळात मिठीकाठची दलदल होती. तिथल्या काचेच्या इमारतींच्या तळमजल्यात श्वसनमुळांचे खिळे चिखलातून वर आलेले मी नेहमी डोळ्यांसमोर आणतो.

उंच इमारती किती वर्षं उभ्या राहतील?

बहुतेक शंभरीही गाठणार नाहीत. काँक्रीटला ताकद देतात त्यातल्या लोखंडी सळ्या, आणि गंज चढला की गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त होतं. आतून फुगवटा आला की काँक्रीटचे पोपडे सुटतात, आणखी सळी उघडी पडते, आणखी गंज. समुद्राच्या खाऱ्या हवेत हे फार भराभर होतं. मुंबईत तीस वर्षांच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं ते उगाच नाही.

त्यात पिंपळ. बुलबुल, तांबट, कावळा पिंपळाची फळं खातो आणि विष्ठेतून बी गच्चीवर, सज्जावर, पाइपाच्या बेचक्यात टाकतो. बी मातीवाचून रुजतं. मूळ ओलाव्याच्या मागे फटीत शिरतं आणि जाड होत जातं. सोसायटीचे लोक दरवर्षी माणूस बोलावून ती रोपं उपटून घेतात, बुंध्याला औषध लावतात. तो माणूस आला नाही की दहा वर्षांत गच्चीवर सावली.

धरणं फुटतील?

सगळी नाही आणि एकाच वेळी नाही. दगडी किंवा काँक्रीटच्या धरणावरून पाणी वाहून गेलं तरी ते बराच काळ सोसतं. कोयनेचं धरण १०३ मीटर उंच आहे आणि ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप त्याने पचवला, भेगा पडल्या पण उभं राहिलं. भीती मातीच्या धरणांची. वरून पाणी वाहू लागलं की माती धुपते, खाच पडते आणि खाच काही तासांत खिंडार होते. जायकवाडीला २७ दरवाजे आहेत. पावसाळ्यात ते वेळेवर उघडायला कुणी नसेल तर एखाद्या चांगल्या पावसाच्या वर्षी गोदावरी धरणावरूनच जाईल. पुण्याला हे सांगायला नको. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासलाही फोडलं आणि अर्ध्या पुण्यात पाणी शिरलं.

जी टिकतील ती गाळाने भरतील. काही शतकांनी ती धरणं म्हणजे सपाट कुरणं आणि एका टोकाला धबधबा.

तारापूरचं काय होईल?

हा प्रश्न पालघरचे लोक हमखास विचारतात आणि त्यांचं बरोबर आहे. १९६९ पासून तिथे अणुवीज केंद्र चालतं. अणुभट्टी बंद झाली तरी इंधन तापतच राहतं, त्याला पंपाने पाणी फिरवावं लागतं. वीज गेली की डिझेल जनरेटर लागतात आणि डिझेल संपतं. जपानमध्ये फुकुशिमाला मार्च २०११ मध्ये त्सुनामीने जनरेटर बुडाले आणि काही दिवसांत तीन भट्ट्यांतलं इंधन वितळलं. वापरलेलं इंधन ज्या टाक्यांत बुडवून ठेवतात तिथलं पाणीही हळूहळू उडून जातं. म्हणजे पालघरच्या किनाऱ्यावर एखादं छोटं चेर्नोबिल होणं शक्य आहे.

आणि तरीही चेर्नोबिलचा धडा चमत्कारिक आहे. भट्टीजवळचं पाइनचं रान किरणोत्साराने लाल होऊन मेलं. पण पुढे त्याच परिसरात लांडगे, एल्क, रानडुकरं वाढली. १९९८ मध्ये सोडलेले प्रझेवाल्स्की जातीचे रानटी घोडे तिथे रुळले आणि वाढले. २०१५ च्या एका अभ्यासात बेलारूसच्या बाजूला लांडग्यांची घनता आसपासच्या अभयारण्यांच्या सातपट आढळली. किरणोत्सार त्यांना बाधत नाही असं नाही. शिकारी आणि नांगर त्याहून जास्त बाधत होते, इतकाच त्याचा अर्थ.

गाई, म्हशी, कुत्री यांचं काय?

गोठ्यात दाव्याला बांधलेलं जनावर आणि पिंजऱ्यातली कोंबडी पहिल्या आठवड्यात जाईल. हे वाईट आहे, पण विचारलंत म्हणून सांगतो.

सुटी जनावरं वेगळी. माणदेशातली खिल्लार कोरड्या माळावर चालत जगणारी जात आहे, ती टिकेल. जास्त दुधाच्या संकरित गाईंना उष्णता आणि गोचीड झेपत नाही. त्यांची पुढची पिढी दिसेल असं वाटत नाही. म्हशींना पाणी मिळालं की त्या कुणाचं ऐकत नाहीत. बकऱ्या तर सगळ्यांना पुरून उरतील.

कुत्र्यांची गोष्ट जरा गुंतागुंतीची. कचराकुंड्या बंद झाल्या की बरीच उपाशी मरतील, बरीच बिबट्यांच्या पोटात जातील, उरलेली टोळ्या करतील. पुण्याजवळच्या माळरानावर कुत्रा आणि लांडग्याच्या संकराची जनुकीय चाचणीतून खात्री झालेली आहे. माणूस गेल्यावर माळावरचा शंभर टक्के लांडगा उरेल का, याची मला काळजी वाटते. शिवाय इथला लांडगा धनगरांच्या मेंढ्यांमागे जगत आलाय. मेंढपाळ नसला की आधी त्याची चंगळ, आणि मेंढ्या संपल्या की पुन्हा ससे, काळविटं.

उवा?

डोक्यातल्या उवा फक्त माणसाच्या डोक्यात जगतात. आपल्याबरोबर त्याही संपतील. शाळेच्या वयाच्या मुलांना हे उत्तर फार आवडतं.

हापूस उरेल का? आणि ज्वारी, ऊस?

झाडं उरतील, हापूस उरणार नाही. हापूस कलमाने वाढवतात. त्याच्या बाठ्यातून येणारं झाड हापूस नसतं, ते रायवळ निघतं, गोड की आंबट ते नशीब. कलमं म्हातारी होऊन गेली की देवगडच्या कातळावर रायवळांची झाडी असेल. वटवाघळांना आणि माकडांना काही फरक पडणार नाही.

ज्वारी-गव्हाचे दाणे कणसातून आपोआप झडत नाहीत, कारण न झडणारीच कणसं आपण हजारो वर्षं निवडली. पेरायला कुणी नाही म्हटल्यावर पाखरं दाणे संपवतील आणि दोन-चार वर्षांत शेतात तणच राहील. केळीला बी नाही, ती मुनव्यांवर ओल्या जागी रेंगाळेल. नारळ समुद्रकाठी आरामात.

ऊस उपशाच्या पाण्यावर उभा आहे, एका उन्हाळ्यात वाळेल. जुन्नर भागात बिबट्यांच्या पिढ्या उसाच्या फडात जन्मल्या. त्यांना घर म्हणजे ऊस. त्यांचं काय होईल ते बघायला मला खरंच आवडलं असतं.

म्हणजे सगळीकडे घनदाट जंगल होईल ना?

इथे लोकांचा हिरमोड होतो. नाही होणार.

कोकण आणि घाटमाथा झपाट्याने झाडी धरेल हे खरं. तिथे ऐन, किंजळ यांच्या तोडलेल्या खुंटांना फुटवे येतात. भातशेतीच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जमीन भाजण्यासाठी, दरवर्षी फांद्या तोडतात, वणवे लागतात, म्हणून ती झाडं झुडपंच राहतात. सह्याद्रीतले बहुतेक वणवे माणसाने लावलेले असतात. तोड आणि वणवा थांबला की वीस वर्षांत सावली होते. पण त्या सावलीत काय उगवेल ते जवळ कुणाचं बी आहे यावर ठरतं. शेजारी देवराई असेल तर धनेश आणि कांडेचोर तिथली मोठ्या बियांची फळं खाऊन दूर टाकतील. देवराई नसेल तर रानमोडी आणि घाणेरी जागा धरून बसेल, ज्या दोन्ही अमेरिका खंडातून आल्या. गिरिपुष्प आणि सुबाभूळही तिकडच्याच, आणि पाणथळ जागी जलपर्णीही. यांना परत पाठवायला कुणी नसेल. शिवरायांच्या काळातलं रान परत येईल असं जे म्हणतात त्यांना मी एकदा महामार्गाच्या कडेला उभं करतो आणि दिसतील ती झाडं मोजायला सांगतो.

घाट उतरून देशावर आलं की पाऊस जेमतेम पाचसहाशे मिलिमीटर. सोलापूर, बारामती, माणदेश हे मुळात गवताचे प्रदेश. तिथे कुसळी गवत, हिवर, बोर, बाभूळ, खैर. पंप बंद झाल्यावर हिरव्या शेताचा माळ होईल आणि ते तिथल्या निसर्गाच्या दृष्टीने बरंच होईल. काळवीट नक्की वाढतील. माळढोकाचं अवघड आहे. सोलापूरजवळच्या नान्नजला एकेकाळी या पक्ष्यासाठी अभयारण्य केलं, आता राज्यात तो जवळपास संपलाय. परतायला आधी कुणीतरी शिल्लक असावं लागतं.

वाघ मुंबईत येईल?

बिबट्या आधीच आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आणि आसपास पन्नासेक बिबटे आहेत, त्यांना आरे कॉलनी उतरून पवईला जायला एक रात्र पुरेल. पवई तलावात मगरी आहेत, त्या वाट बघतच असतील. वाघ विदर्भातून आणि दक्षिणेकडे सह्याद्रीच्या कण्यावरून सरकत यायला काही दशकं घेईल.

प्लास्टिक?

फुटत जाईल, संपणार नाही. उन्हाने त्याचे तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात, आणि कण गाळात थर करून बसतात. २०१६ मध्ये जपानी संशोधकांनी बाटल्यांचं प्लास्टिक खाणारा एक जिवाणू शोधला. कोट्यवधी वर्षांत असे आणखी निपजतील. घाई त्यांना नाही.

आणि हवेतला कार्बन?

बराचसा काही शतकांत समुद्र आणि झाडं शोषतील, पण एक हिस्सा हजारो वर्षं हवेतच राहील. समुद्राची पातळीही आपण गेल्यावर लगेच थांबणार नाही. मुंबईच्या खारफुटीला आणखी आत सरकावं लागेल.

सगळ्यात शेवटी काय उरेल?

कोरलेलं. बांधलेलं पडतं, कारण त्याला सांधे असतात. वेरूळचं कैलास लेणं आठव्या शतकात एका डोंगरातून वरून खाली कोरून काढलं, त्याला सांधाच नाही. दख्खनचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. लेण्यांच्या कडा झिजतील, खांब गळतील, पण सगळ्या इमारतींची माती झाल्यावरही तिथे हत्ती उभे असतील.

अजिंठ्याचं तर एकदा होऊन गेलंय. बौद्ध भिक्षू गेल्यावर लेणी हजार-बाराशे वर्षं रानात होती. वाघूर नदीच्या वळणावर झाडी, आत वटवाघळं, दारात माती. रंग तरीही टिकले. पुढच्या दोनशे वर्षांत वार्निशने आणि गर्दीच्या श्वासाने त्यांचं जे झालं ते वटवाघळांना जमलं नव्हतं.

२८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीला आला असताना त्याला ही लेणी दिसली. दहाव्या लेण्यात एका खांबावर त्याने आपलं नाव आणि तारीख खरवडली. आज ती सही डोक्याच्या वर दिसते, कारण तो साचलेल्या मातीच्या ढिगावर उभा होता आणि तो ढीग नंतर उपसला गेला. झाडणारे उद्या आले नाहीत तर पहिल्या पावसातच दारातून माती आत येऊ लागेल.